नाशिक हिरा : पैलूंनी घडवलेला आणि घटवलेला

नाशिक जिल्ह्यातील हरसूल हे गाव ज्या तालुक्यात मोडते त्या त्र्यंबकेश्वरी दर सोमवारी दुपारी 4 ते 5 या वेळेत देवाचा रत्नजडित मुकुट दर्शनासाठी मांडला जातो आणि तो पांडवांच्या काळचा असल्याचे परंपरा सांगते. मात्र याच देवस्थानाशी ज्याचे नाव जोडले गेले तो ‘नाशिक हिरा’ दोनशेहून अधिक वर्षे या भूमीबाहेर आहे. 1818 मध्ये पेशवे दुसऱ्या बाजीरावाची सत्ता संपली तेव्हा तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडला, लंडनला गेला आणि तेथे रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो विकत घेतला. पुढे 1837 मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे गेला आणि तलवारीच्या मुठीत जडवला गेला.

या हिऱ्याचा खरा इतिहास त्याच्या पैलूंत, म्हणजे घासून काढलेल्या सपाट पृष्ठभागांत, दडलेला आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याची क्षमता, सुमारे 2.42 इतका मोठा असतो. त्यामुळे आतील प्रकाश पैलूवरील लंबाशी साधारण 24.4 अंशांहून अधिक कोन करून आदळला, तर तो बाहेर न निसटता आतल्या आत परततो. खालचे पैलू योग्य कोनात असतील तर हाच प्रकाश वरच्या बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत येतो आणि खडा झळाळतो. कोन चुकले तर तो तळातून निसटतो आणि खडा मंद दिसतो. भारतीय हिराकसबी शक्यतो मूळ खड्याचा आकार आणि वजन राखत, तर युरोपीय कारागीर झळाळीसाठी वजन खर्ची घालत.

म्हणूनच 89.75 कॅरटचा हा हिरा (एक कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम) लंडनमध्ये 80.59 कॅरटचा झाला आणि 1940 मध्ये अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी चौकोनी घाट देण्यासाठी तो पुन्हा घासून घेतला तेव्हा 43.38 कॅरटच उरला. तेज वाढले हे मान्य केले, तरी निम्म्याहून अधिक वजनाबरोबर जुन्या कारागिराच्या हाताची खूणही कायमची पुसली गेली, ही हानी कोणत्याही लिलावातील किमतीने भरून निघणारी नाही.

हिरा परत मिळावा ही इच्छा स्वाभाविक असली तरी तिच्या वाटेत दुहेरी अडचण आहे: कंपनीने विकल्यापासून तो एका खाजगी मालकाकडून दुसऱ्याकडे जात 1977 मध्ये लेबनीज जवाहिरे रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात पोहोचला, आणि तो उद्या परत आला तरी पेशव्यांनी पाहिलेला घाट त्यात असणार नाही. 1852 मध्ये असाच घासला गेलेला कोहिनूर ज्या लंडनच्या टॉवरमध्ये आहे, तेथे त्याचे जुने रूप प्रतिकृतीतून दाखवले जाते. त्याच धर्तीवर नाशिक हिऱ्याच्या तिन्ही अवस्थांच्या प्रतिकृती, वजनांच्या नोंदी आणि हस्तांतराचा इतिहास त्र्यंबकेश्वरी मांडता येईल. हरसूलच्या शाळकरी मुलांना आपल्याच तालुक्याशी निगडित असलेला हा इतिहास प्रत्यक्ष पाहता यावा, यासाठी शासनाने आणि देवस्थानाने मिळून हे काम हाती घ्यावे.