कपाळाची कातडी, रक्ताची वाट

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेची हकीकत पत्ररूपाने छापून आली. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्याच कपाळाच्या कातडीचं नाक त्याला बसवून दिलं. कावसजीचं चित्र जेम्स वेल्सने काढलं. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना एकत्र रंगवणारा तोच हा वेल्स. म्हणजे रुग्णाचं नाव राहिलं, चेहरा राहिला, ही शस्त्रक्रिया पाहिलेल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांचीही नावं राहिली. ज्याने नाक बसवलं त्याची मात्र त्या पत्रात फक्त जात आहे. त्याला आपण 'पारंपरिक कारागीर' म्हणून कौतुकाने बाजूला ठेवतो. मला हे मान्य नाही. स्वतःच्याच शरीरातला भाग उचलून दुसरीकडे लावण्याच्या विद्येत जो प्रश्न सर्वांत अवघड, त्याचं उत्तर या माणसाच्या हातात होतं, आणि तो ते जाणूनबुजून वापरत होता.

त्याचा पुरावा पद्धतीतच आहे, म्हणून ती सावकाश पाहायला हवी. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून हवा तसा आकार घ्यायचा. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलून काढायची. पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी न कापता जोडलेली ठेवायची. खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, त्यामागे चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या एकावर एक. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि डोळ्यांमधली ती पट्टी कापायची पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला.

या शेवटच्या आकड्यापाशी मी नेहमी थांबतो. शरीर स्वतःची कातडी परकी म्हणून नाकारत नाही हे खरं, पण स्वतःची कातडीसुद्धा रक्ताविना जगत नाही. अगदी पातळ पापुद्रा असेल तर पहिले एक-दोन दिवस तो खालच्या जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर तग धरतो आणि मग त्यात नव्या केशवाहिन्या शिरतात. अशा सुट्या कलमांना युरोपात बराच उशीर लागला: मिलानच्या बारोनिओचे मेंढ्यांवरचे प्रयोग १८०४चे, पॅरिसच्या रेव्हेर्दाँचे कातडीचे बारीक तुकडे १८६९चे. नाक घडेल एवढी जाड आणि मोठी कातडी त्या पाझरावर भरवशाने तगत नाही. तिला पहिल्या क्षणापासून वाहतं रक्त लागतं, आणि कपाळाला रक्त पुरवणारी धमनी भुवईच्या आतल्या टोकाशी वर चढते. नेमकी तिथेच ती पट्टी राखलेली.

कुणी म्हणेल, नाकाला सर्वांत जवळची जागा तीच. पट्टी तिथे राहिली यात ज्ञान कसलं? आक्षेप योग्य आहे, पण तो पंचविसाव्या दिवसापाशी टिकत नाही. पट्टी नुसती कातडी लोंबती धरण्यापुरती असती, तर कडा धरल्यावर, काताच्या पट्ट्या उतरवताना, तीही कापता आली असती. पिळामुळे नाकाच्या मुळाशी उंचवटा येतो. तो तीन आठवडे मुद्दाम सोसायचं काही कारण नव्हतं. थांबायचं कारण एकच संभवतं: खालच्या जखमेतून नवा रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत जुनी वाट मोडायची नाही. आजही कपाळाच्या कातडीचं नाक करताना शल्यविशारद ती जोड साधारण तीन आठवड्यांनी कापतात. त्या माणसाला धमनीचं नाव ठाऊक नसेल. तिचं काम ठाऊक होतं.

दुसरा आक्षेप आपल्याकडून अभिमानाने येतो: हे सगळं सुश्रुताने आधीच सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नाक जोडण्याचा विधी आहे यात शंका नाही. पानाने नाकाचं माप घ्यायचं आणि नाकपुड्यांत नळ्या ठेवायच्या, हे दोन्ही तिथे आहे. पण तिथे कातडी गालाची आहे. पुण्यात ती कपाळाची आहे, आणि हा बदल लहान नाही. कपाळाची कातडी जाडीला व रंगाला नाकाशी जुळते, तिच्यावर केस नसतात, खाली सपाट हाड असल्याने व्रण डोळ्याला किंवा ओठाला ओढत नाही. ग्रंथ आणि हा माणूस यांच्या दरम्यान कुणीतरी, बहुधा अनेकांनी, पाहून, चुकून, सुधारून ही जागा निवडली. सगळं श्रेय ग्रंथाला दिलं की ही मधली माणसं दुसऱ्यांदा पुसली जातात.

पद्धतीत उणीव होती, तीही सांगायला हवी. नव्या नाकाला आतून अस्तर नव्हतं, आणि अस्तराविना कातडी हळूहळू आकसते. इंदूरच्या रेसिडेन्सीतल्या कीगन या शल्यविशारदाने नाकावरची उरलेली कातडी उलटवून अस्तर करण्याची सुधारणा सुचवली. त्याचं पुस्तक १९००चं. ही उणीव असूनही त्याच्या कितीतरी आधी लंडनच्या जोसेफ कार्पूने मूळ पद्धतच १८१४मध्ये वापरली आणि १८१६मध्ये दोन यशस्वी शस्त्रक्रियांचं पुस्तक छापलं. त्याआधी युरोपाकडे बोलोन्याच्या ताल्याकोत्झीची १५९७मधली रीत होती. तीत दंडाची कातडी नाकाला जोडून हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे.

शरीराचा भाग दुसरीकडे लावण्याच्या या विद्येचा पुढचा इतिहास थोडक्यात. १९४३मध्ये गिब्सन आणि मेडावर यांनी भाजलेल्या रुग्णावर दाखवलं की स्वतःची कातडी टिकते, परक्याची गळून पडते आणि दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर. १९५४मध्ये एकमेकांची शरीरं परकी न मानणाऱ्या एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडरोपण करणारा जोसेफ मरे मुळात प्लास्टिक सर्जन. १९६७मध्ये फाव्हालोरोने पायातली शीर हृदयाच्या बायपाससाठी वापरली.

तिसरा आक्षेप व्याख्येचा: जोड ठेवून सरकवलेली कातडी म्हणजे रोपण नव्हे. पण पट्टी कापल्यानंतर ती कातडी पूर्णपणे नव्या जागेच्याच रक्तावर जगते, आणि स्वभाव मात्र जुन्या जागेचा ठेवते. डोक्याच्या केसांचा भाग त्यात आला तर नाकावर केस वाढतात. टकलावर केस लावण्याची आजची पद्धत याच गुणावर उभी आहे. १९७३मध्ये मेलबर्नला टेलर आणि डॅनियल यांनी कातडीचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट पूर्ण तोडून दूर नेला आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पायातल्या वाहिन्यांना जोडल्या. पंचवीस दिवसांची वाट पाहणं काही तासांवर आलं. प्रश्न तोच राहिला: उचललेल्या भागाला रक्त कुठून मिळणार?

मुंबईत टाटा मेमोरियलला तंबाखूमुळे कर्करोग झालेल्या रुग्णाचा जबडा काढावा लागतो, तेव्हा पोटरीतलं बारीक हाड त्याच्या धमनी-शिरेसकट काढून, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून बसवतात आणि वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. घोट्याजवळचा काही सेंटिमीटर भाग मात्र जागेवरच ठेवतात, कारण तो गेला तर घोटा डळमळतो. काय घ्यायचं याइतकंच काय ठेवायचं हे ठरवणं या विद्येत आलं. कपाळावरची ती अरुंद पट्टी राखणाऱ्याचा उल्लेख प्लास्टिक सर्जरीच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत सुश्रुताच्या परिच्छेदाच्या शेपटीला न येता स्वतंत्रपणे यायला हवा, नाव ठाऊक नसलं तरी, शल्यविशारद म्हणून.