टायटल वनचे पत्र घरी येते तेव्हा

अमेरिकेतल्या शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना उलटला की काही मुलांच्या दप्तरातून एक छापील पत्र घरी येते. वाचनाच्या चाचणीत तुमचे मूल अपेक्षेपेक्षा मागे दिसले, ‘टायटल वन’च्या निधीतून चालणाऱ्या वाचनाच्या जादा तासाला त्याला बसवायचे आहे, सही करून पाठवा, असा त्याचा मतलब. न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या मराठी घरात हे पत्र धक्का देऊन जाते. आईबाबा दोघेही इंजिनिअर, घरात पुस्तकांचे कपाट, मूल बोलण्यात चुणचुणीत, मग हे कसले पत्र? कुणी तरी ‘टायटल वन’ इंटरनेटवर शोधते आणि पहिल्याच ओळीत ‘गरीब मुलांसाठीचा कार्यक्रम’ असे वाचते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विचारावे तर कुणी ‘स्पेशल एडमध्ये टाकतील’ म्हणते, कुणी ‘रेकॉर्ड खराब होईल’ म्हणते. पत्र सही न होता ड्रॉवरमध्ये जाते आणि वाचनाची मदत ज्या वयात सर्वांत जास्त उपयोगी पडते तेच वर्ष हातचे जाते. हे टाळता येण्यासारखे आहे.

टायटल वन हे अमेरिकेच्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यातले पहिले प्रकरण. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ११ एप्रिल १९६५ रोजी या कायद्यावर सही केली, तीही वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर टेक्सासमधल्या स्टोनवॉलजवळ, लहानपणी ते ज्या एकखोली शाळेत जात तिच्या आवारात. त्यांच्या पहिल्या शिक्षिका केट डेड्रिक लोनी त्या वेळी शेजारी बसल्या होत्या. जॉन्सन स्वतःही शिक्षक होते. १९२८-२९ मध्ये ते टेक्सासच्या दक्षिणेकडच्या कोटुला गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांना शिकवत. त्यातली कित्येक मुले उपाशीपोटी शाळेत येत. गरीब वस्तीतल्या शाळेला केंद्राने जादा पैसा दिला पाहिजे, या धोरणामागे तो अनुभव होता. कायद्याचे नाव पुढे बदलत गेले. २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ आले, २०१५ मध्ये ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’ आला. टायटल वन मात्र टिकले. अलीकडच्या वर्षांत त्यावर दर वर्षी १८ अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो आणि अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त सरकारी शाळा त्याच्या कक्षेत येतात.

म्हणजे गरिबांसाठीचाच कार्यक्रम झाला की! असे वाटणे साहजिक आहे, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. गरिबी मोजली जाते ती वस्तीची आणि शाळेची. जनगणना खात्याच्या आकड्यांवरून राज्यांना आणि स्कूल डिस्ट्रिक्टना पैसा मिळतो. डिस्ट्रिक्ट आपल्या शाळांची क्रमवारी लावते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांचे प्रमाण पाहतात. पैसा एकदा शाळेच्या दारात पोहोचला, की कुठल्या मुलाला मदत द्यायची हे ठरवताना घरच्या उत्पन्नाचा प्रश्न येत नाही.

शाळा हा पैसा दोन तऱ्हांनी वापरतात. ज्या शाळेत गरीब कुटुंबांतली मुले ४० टक्के किंवा अधिक आहेत, ती शाळा तो संपूर्ण शाळेसाठी वापरू शकते. तिथे ‘टायटल वनचे मूल’ अशी वेगळी यादीच नसते, सगळीच मुले त्यात आली. इतर शाळांना मात्र नेमकी मुले निवडावी लागतात. कायद्याची कसोटी स्पष्ट आहे: अभ्यासात मागे पडलेले किंवा मागे पडण्याचा सर्वाधिक धोका असलेले मूल. त्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीतल्या मॅनेजरची मुलगी या तासाला बसू शकते आणि तिच्याच वर्गातला, जेवणाची सवलत घेणारा पण भराभर वाचणारा मुलगा यादीत नसतो. आपण जेवणाचा फॉर्म भरला म्हणून मुलाचे नाव लागले, हा तर्कही म्हणूनच चुकीचा आहे.

आणखी एक समजूत ऐकू येते की हा नेहमीच्याच तासाचा स्वस्तातला पर्याय आहे. कायदा याच्या अगदी उलट सांगतो. हा पैसा राज्याच्या आणि स्थानिक खर्चात भर घालण्यासाठी आहे, तो खर्च वाचवण्यासाठी नाही. हा नियम कडक होण्यामागे कटू इतिहास आहे. १९६९ मध्ये ‘एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या संस्थेने आणि आणखी एका संस्थेने मिळून अहवाल काढला. गरीब मुलांसाठीचा पैसा शाळांनी सर्वसाधारण खर्चाला, अगदी पोहण्याच्या तलावांनाही वापरल्याचे त्यातून उघड झाले. त्यानंतर अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, नियम आवळले. मुलाला मिळणारा वाचनाचा तास हा वर्गातल्या नेहमीच्या वाचनाच्या जागी नसतो, त्याच्या जोडीला असतो. त्यासाठी मुलाला वर्गातून बाहेर काढायचे झाल्यास ते कमीत कमी करावे, असेही कायदा म्हणतो. तरीही आपले मूल त्या वेळी नेमका कुठला तास बुडवते, हे पालकांनी विचारलेच पाहिजे.

पण त्या तासाला चालते तरी काय? मराठी पालकांनी हे एकदा तरी जवळून पाहावे.

अर्धचंद्राच्या आकाराचे टेबल. आतल्या बाजूला शिक्षिका, बाहेरच्या बाजूला तीन-चार मुले. प्रत्येकासमोर तीन चौकोन आखलेले कार्ड आणि प्लॅस्टिकच्या काही चकत्या. शिक्षिका म्हणते, ‘शिप’. अक्षर अजून कुठेच दिसत नाही. मूल हळू म्हणते ‘श्’ आणि एक चकती पहिल्या चौकोनात सरकवते, ‘इ’, दुसरी, ‘प्’, तिसरी. मग चकत्यांच्या जागी अक्षरे येतात. इंग्रजीत या शब्दाला चार अक्षरे लागतात आणि चौकोन तीनच, म्हणून ‘एस’ आणि ‘एच’ दोघे पहिल्या चौकोनात एकत्र बसतात. पुढे ‘शिप’चे ‘शॉप’, ‘शॉप’चे ‘चॉप’ करायचे. दर वेळी एकच ध्वनी बदलतो आणि मुलाने तो ओळखायचा. ही चौकोनांची पद्धत डॅनिल एल्कोनिन या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आली. शेवटी एक छोटे पुस्तक वाचायचे. त्यातले बहुतेक शब्द आतापर्यंत शिकलेल्या ध्वनींतूनच जुळतात, त्यामुळे गोष्ट अगदी साधी असते. घरी आलेले ते पुस्तक पाहून ‘एवढे बाळबोध कशाला?’ असे पालकांना वाटते. ते बाळबोध आहे ते जाणूनबुजून.

मराठी घरातली अडचण इथे नेमकी दिसते. आपण इंग्रजी शिकलो ते ‘सी-ए-टी कॅट’ असे स्पेलिंग घोकून, आणि मुलालाही तसेच शिकवतो. पण सी, ए, टी ही अक्षरांची नावे झाली. ती कितीही भराभर म्हटली तरी त्यातून ‘कॅट’ निघत नाही. देवनागरीत ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो, अक्षराचे नाव आणि उच्चार एकच. बाराखडी आली की कुठलाही नवा शब्द निदान उच्चारता येतो. त्यामुळे अक्षर आणि ध्वनी यांच्यामधली ही दरी आपल्या लहानपणी आपल्याला ओलांडावीच लागली नाही. इंग्रजीत २६ अक्षरांना सुमारे ४४ ध्वनी पेलायचे असतात. ज्या मुलाला ही जोडणी आपोआप उमगत नाही, त्याला ती क्रमाने, सावकाश, पुन्हा पुन्हा शिकवावी लागते.

चुणचुणीत मुलांच्या बाबतीत हे लवकर लक्षात येत नाही, हे खरे दुखणे आहे. असे मूल चित्र पाहून अंदाज बांधते. घोड्याचे चित्र असले की छापलेल्या ‘हॉर्स’ला ते खुशाल ‘पोनी’ म्हणते आणि गोष्टीचा अर्थ बिघडत नाही म्हणून कुणाचे लक्षही जात नाही. एकदोनदा ऐकलेले पुस्तक ते पाठ म्हणून दाखवते. तिसरीत चित्रे कमी होतात, शब्द लांब होतात, आणि मग एकाएकी ‘याला वाचायला आवडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. म्हणूनच शाळा पहिलीतच एक मिनिटाची चाचणी घेतात. पुष्कळ शाळांत ती ‘डिबल्स’ नावाची असते: मूल मोठ्याने वाचते आणि एका मिनिटात किती शब्द अचूक वाचले ते शिक्षक मोजतात. वर्षातून तीनदा, शरद, हिवाळा आणि वसंत ऋतूत, ही मोजणी होते. त्यात बुद्धीचे माप नसते. लहान मुलांची निवड अशा एकट्या चाचणीवर सोडणेही योग्य नाही; वर्गशिक्षिकेचे निरीक्षण आणि पालकांचे म्हणणे यांनाही तिथे जागा असावी लागते.

ध्वनींपासून वाचन शिकवण्याच्या या पद्धतीमागे भक्कम अभ्यास आहे. काँग्रेसच्या सांगण्यावरून नेमलेल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली पाच गोष्टींवर बोट ठेवले: ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनीची जोडणी, ओघ, शब्दसंपदा आणि आकलन. मिसिसिपी हे देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. तिथे २०१३ मध्ये वाचनाचा कायदा झाला, शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण मिळाले, शाळांत वाचनाचे मार्गदर्शक नेमले गेले, आणि चौथीच्या मुलांनी २०१९ च्या राष्ट्रीय चाचणीत देशाची सरासरी गाठली. त्याच कायद्यात तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला पुढच्या वर्गात न पाठवण्याची तरतूद आहे. अनेक पालक ती टायटल वनशी जोडून घाबरतात. पण ती राज्याची तरतूद आहे. टायटल वनच्या तासाला बसल्यामुळे कुणी नापास होत नाही.

मागे असण्यात मूल एकटे नाही, हेही आकडे सांगतात. २०२४ च्या त्याच राष्ट्रीय चाचणीत चौथीची ४० टक्के मुले वाचनाच्या ‘बेसिक’ पातळीच्याही खाली होती. पत्र आल्यावर शरमेने गप्प बसण्याचे काहीच कारण नाही.

‘घरी मराठी बोलणे बंद करा, म्हणजे इंग्रजी सुधारेल’ हा सल्ला मात्र कुणीही दिला तरी ऐकू नये. नात्यातले, शेजारचे, क्वचित एखादे शिक्षकही तो देतात. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या घरांतल्या मुलांच्या वाचनावर राष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २००६ मध्ये मोठा आढावा प्रसिद्ध केला. पहिल्या भाषेतले वाचन आणि शब्दसंपदा इंग्रजी वाचनाला हातभार लावू शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. ‘मामाच्या गावाला गेलो तेव्हा काय काय केलंस?’ या प्रश्नाला मराठीत भरभरून उत्तर देणारे मूल घटनांचा क्रम, कारण आणि परिणाम यांचीच जुळवाजुळव करत असते. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांत रविवारी जाणाऱ्या मुलाला ती शाळा या कारणासाठी सोडायला लावणे हा सरळ तोटा आहे.

टायटल वन आणि स्पेशल एड यांचीही गल्लत होते. विशेष शिक्षणाचा कायदा वेगळा. त्यात आधी तपासणी होते, पालकांची लेखी संमती लागते आणि मुलासाठी ‘आयईपी’ नावाचा स्वतंत्र आराखडा बनतो. टायटल वनमध्ये कसलेही निदान नसते. मूल अपेक्षित पातळीला आले की तासातून बाहेर पडते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. घरात कुणाला डिस्लेक्सिया असेल, किंवा महिनोन्महिने तास होऊनही मूल जागेवरच असेल, तर पालक केव्हाही लेखी अर्ज देऊन तपासणी मागू शकतात. ‘आधी हा कार्यक्रम संपू द्या’ असे म्हणून शाळेला ती लांबवता येत नाही.

व्हिसावर असलेल्या कुटुंबांची भीती वेगळी असते: सरकारी मदत घेतली म्हणून ग्रीन कार्ड अडले तर? टायटल वनसाठी पालक कुठलाही अर्ज करत नाहीत आणि त्यांच्या नावावर एक डॉलरही जमा होत नाही. पैसा शाळेला मिळतो. ‘पब्लिक चार्ज’च्या, म्हणजे सरकारी मदतीवर विसंबून राहणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारण्याच्या, २०२२ मधल्या नियमांत रोख मदत आणि सरकारी खर्चाने संस्थेत दीर्घकाळ ठेवणे यांचा विचार होतो, शाळेतल्या शिकवणीचा त्यात समावेश नाही. मुलाच्या शाळेतल्या नोंदींना १९७४ च्या कायद्याने गोपनीयतेचे संरक्षण आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्राचे शिक्षण खाते गुंडाळण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाल्यावर टायटल वनही गेले, अशी आवई उठली होती. हा निधी काँग्रेसने केलेल्या कायद्यातून येतो. एका आदेशाने तो कायदा रद्द होत नाही.

आता सहीच्या पुढची गोष्ट. टायटल वन घेणाऱ्या शाळेवर पालकांचे काही ठोस हक्क आहेत आणि ते फारच कमी वापरले जातात. शाळेला दर वर्षी पालकांची सभा घेऊन कार्यक्रम समजावून सांगावा लागतो. शाळा, पालक आणि मूल यांनी काय काय करायचे याचा लेखी करार पालकांसोबत बसून तयार करावा लागतो. पाच लाख डॉलरहून अधिक निधी मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टला त्यातला किमान एक टक्का पालकांच्या सहभागावर खर्च करावा लागतो. तो पैसा कशावर गेला, हे विचारायला हरकत नाही. मुलाच्या शिक्षकाची पात्रता पालक विचारू शकतात. राज्याच्या निकषांत न बसणारी व्यक्ती सलग चार आठवडे किंवा अधिक शिकवत असेल, तर शाळेने तसे आपणहून कळवायचे असते. शक्य असेल तिथे ही माहिती पालकांना समजणाऱ्या भाषेत द्यायची असते. इंग्रजी कमी येणाऱ्या आजीआजोबांकडे मूल असेल तर दुभाषी मागता येतो.

पेरेंट-टीचर कॉन्फरन्सला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: चाचणीत नेमके कुठे अडले, ध्वनींवर, ओघावर की आकलनावर? तास आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटांचा, आणि गटात मुले किती? शिकवणारी व्यक्ती वाचनाची प्रशिक्षित शिक्षिका आहे की मदतनीस? मधल्या काळात प्रगती किती आठवड्यांनी मोजणार आणि तो आलेख घरी पाठवणार का? घरी रोज दहा मिनिटे द्यायची तर कोणते पुस्तक आणि कसे वाचून घ्यायचे? उत्तरे मोघम मिळाली तर वाचन-शिक्षिकेची वेगळी वेळ मागावी. हिवाळ्यातली चाचणी बहुधा जानेवारीत असते. तिचा निकाल हातात पडेपर्यंत थांबण्यापेक्षा ही भेट नोव्हेंबरातच उरकलेली बरी.