लहान बोटीचा प्रवास : घारापुरीला निघण्यापूर्वी

24 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'पद्मावती' बोटीने मुंबईहून महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघाले. सोबत सुमारे दोनशे प्रतिनिधी होते. धरमतरवरून मोटारीने जाण्याचा मार्ग होता. परंतु मोटारमालक आडकाठी करतील, अशी चिन्हे दिसत होती. म्हणून बोटीने दासगाव बंदर गाठायचे आणि पुढील पाच मैल पायी चालायचे, असे ठरले. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट दासगावला लागली, तेव्हा हजारो सत्याग्रही बाबासाहेबांची वाट पाहत उभे होते. त्याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आपल्या पिंपरी-चिंचवड परिसराला 25 डिसेंबर ही तारीख आणखी एका कारणाने प्रिय आहे. 1954 साली याच तारखेला बाबासाहेबांनी देहूरोड येथे भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना केली.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या त्या प्रवासी बोटी केव्हाच बंद झाल्या. आज आपल्या कुटुंबांना लहान बोटीचा अनुभव मिळतो तो बहुधा मुंबईत, गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला जाताना. कार्ले, भाजे पाहिलेली मंडळी पुढे घारापुरीचा बेत करतात. तेथील मुख्य लेणे शैव आहे. पण बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या प्रवासाची माहिती येथे देत आहोत.

चिंचवडहून सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला पोहोचून गेटवे गाठता येते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. ज्यांच्या कारखान्याला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते त्यांची मोठी सोय होते, कारण रविवारपेक्षा त्या दिवशी गर्दी कमी असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की लाँच बंद ठेवतात. तेव्हा हिवाळ्यातच जावे. अंतर सुमारे दहा किलोमीटर असून लाँचला साधारण एक तास लागतो.

पहिली कसोटी धक्क्यावरच लागते. लाँच लाटांबरोबर वरखाली होत असते. कधी दोन-तीन लाँच एकमेकींना लागून उभ्या असतात आणि एकीतून दुसरीत जावे लागते. घाई करू नये. लाँच वर आली की खलाशाचा हात धरून पाय टाकावा. लहान मूल आधी खलाशाच्या हाती द्यावे, मग आपण चढावे. रबरी तळव्याची चप्पल-बूट घालावेत. भगिनींनी पदर खोचून घ्यावा. लाँचवर बहुधा शौचालय नसते, म्हणून मुलांना आणि वृद्धांना गेटवेवरच जाऊन येण्यास सांगावे.

मोठ्या जहाजाच्या मानाने लहान बोट अधिक हलते. त्यामुळे काहींना बोट लागते, म्हणजे मळमळते, उलटी होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो, पण कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय हलत असल्याचे सांगते. या विसंगतीने त्रास होतो. त्यावर साधा उपाय असा, की बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूस बसावे, इंजिनाच्या धुरापासून दूर राहावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. पोट रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको. भाकरी-चटणीचा हलका नाश्ता पुरे. ज्यांना एस.टी.तही त्रास होतो त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ती निघण्यापूर्वी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 18 डिसेंबर 2024 रोजी दुपारी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' लाँचला इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट धडकली. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. या दुर्घटनेत पंधरा जणांचे प्राण गेले. त्यानंतर गेटवेवरील प्रवासी बोटींत जीवरक्षक जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

पण नियम आपोआप पाळला जात नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. भोसरी-चाकणच्या प्रेसवर हाताची बोटे गमावलेले सोबती आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. सुरक्षेचा फलक भिंतीवर होता, हातमोजे कपाटात होते, पण मागायला कोणी धजावले नाही. बोटीवर तसेच होता कामा नये. चढताच तीन प्रश्न विचारावेत. सर्वांना पुरतील इतकी जॅकेट आहेत का? मुलांच्या मापाची आहेत का? या लाँचची परवानगी किती माणसांची आहे? माणसे जास्त वाटली तर पुढच्या लाँचने जावे. अर्धा तास गेला तरी चालेल. जॅकेट नुसते मांडीवर ठेवून उपयोग नाही. पट्टे आवळून बांधावे. मोठ्या मापाचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटते, हे आईवडिलांनी ध्यानात ठेवावे.

वरच्या मजल्यावर हवा छान लागते, म्हणून सर्वांची धाव तिकडे असते. काही लाँचवर त्यासाठी थोडे जादा पैसे घेतात. पण घाटात उंच माल भरलेला टेम्पो वळणावर कसा डुलतो, ते चाकणच्या चालकांना विचारा. वरचे वजन वाढले की बोटीचीही तीच गत होते. म्हणून सीगल पक्षी दिसले, फोटो काढायचा झाला, तरी सर्वांनी एकाच बाजूला धावू नये.

घारापुरीला उतरल्यावर धक्क्यावरून छोटी आगगाडी पायथ्याशी नेते. पुढे शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. वृद्धांनी थांबत थांबत चढावे, डोलीही मिळते. माकडे हातातील खाऊ ओढतात, तेव्हा डबे पिशवीतच ठेवावेत. स्तूपाच्या टेकडीवर जायचे असेल तर लवकरच्या लाँचने यावे आणि परतीची शेवटची लाँच केव्हा आहे, हे उतरतानाच विचारून ठेवावे. अवशेषांवर चढू नये आणि विटांवर नावे कोरू नयेत. हा आपला वारसा आहे आणि तो जपण्याची पहिली जबाबदारीही आपलीच आहे.

"आपण गरीब माणसे, बोटवाल्याला काय विचारणार?" असे आपल्या घरातील वडीलधारे अजूनही म्हणतात. त्यांना पद्मावती बोटीची आठवण द्यावी. त्या बोटीवरचे लोक आपल्याहून गरीब होते, आणि ते तळ्यातल्या पाण्यावरचा आपला हक्क मागायला निघाले होते. आपल्याला तर आपल्या लेकरासाठी फक्त एक जॅकेट मागायचे आहे. ते ठामपणे मागावे, बांधावे, शेजारच्या प्रवाशालाही बांधायला सांगावे, आणि मग निर्धास्तपणे समुद्र पाहावा.

जयभीम!