आपले ठेकेदार आपणच

घर बांधून तीस-चाळीस वर्षे होतात, मुलगा लग्नाचा होतो, आणि एके दिवशी चहाच्या वेळी कोणीतरी म्हणते, "गच्चीवर एक खोली काढली तर?" कोथरूडच्या जुन्या बंगल्यांत हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे, आमच्याही घरी ते उच्चारले गेले. पुढचे वाक्यही ठरलेलेच असते. "ठेकेदार कशाला? आपणच उभे राहून करून घेऊ. तेवढेच पैसे वाचतील."

वाचतात, नाही असे नाही. पण ठेकेदार पैसे घेतो कशाचे? विटा तर गवंडी रचतो. ठेकेदार कोणामागून कोणी यायचे ते ठरवतो, मालाचा हिशेब ठेवतो आणि चुकले तर निस्तरतो. त्याला वगळले की ही तिन्ही कामे आपल्या अंगावर येतात, हे ध्यानात ठेवूनच कुदळ मारावी.

पहिला प्रश्न खालच्या घराचा. जुने बंगले पुष्कळदा विटांच्या भिंतींवरच उभे असतात. त्यांत काँक्रीटचे खांब नसतात. पायाशेजारी खड्डा घेऊन जाणत्या इंजिनिअरला पाया दाखवा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पुणेही हलले होते. तेव्हा "इतकी वर्षे उभे आहे की" हा काही हिशेब नव्हे! त्यानंतर परवानाधारक माणसाकडून नकाशा करून महापालिकेची मंजुरी घ्यावी. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्रही घ्यावे, नाहीतर पुढे घर विकताना ती खोली आडवी येते.

काम दिवाळीनंतर काढावे. पाऊस सरलेला असतो आणि मजूर गावाहून परतलेले असतात. होळीला ते पुन्हा गावी जातील, उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागेल; तोवर स्लॅब पडलेला बरा.

आता क्रमाविषयी. सेंट्रिंगवाला फळ्या ठोकतो, फिटर सळया बांधतो, मग वायरमन विजेच्या नळ्या आणि पंख्याचा हूक बसवतो, आणि त्यानंतरच काँक्रीट. मी वायरमनला दुसऱ्या दिवशीचा वार सांगून बसलो होतो. स्लॅब आदल्या दिवशीच पडला! पुढे पंख्यासाठी नवा स्लॅब कोरताना छिन्नीचा एकेक घाव माझ्या छातीत बसत होता. दोष ना गवंड्याचा, ना वायरमनचा. ठेकेदार मी होतो. तेव्हापासून सांगतो, काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी सर्वांना एकत्र उभे करून विचारा, "तुमचे काही राहिले आहे का?"

हिशेब मात्र आपल्याला जमण्यासारखा आहे. 10 फूट बाय 12 फूट खोलीचा 5 इंच जाडीचा स्लॅब म्हणजे 50 घनफूट, अर्धा ब्रास काँक्रीट. एकास दीड, दीडास तीन या प्रमाणात त्याला सुमारे 12 पोती सिमेंट, 21 घनफूट वाळू आणि 42 घनफूट खडी लागते. तुळया वेगळ्या. सळईचे वजनही घरी काढता येते. व्यासाच्या मिलिमीटरचा वर्ग करून 162 ने भागावे, की मीटरला किती किलो ते मिळते. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.7 किलो भरते. काट्यावरची पावती याच्याशी ताडून पाहा. मजुरीचा दर मोजमापावर लिहून घ्यावा आणि उचल झालेल्या कामापुढे जाऊ देऊ नये.

काँक्रीट मिसळताना पाण्यावर नजर ठेवा. पातळ काँक्रीट ओतायला सोपे, पण ताकदीला उणे. एकदा घट्ट झाले की मात्र हवे तेवढे पाणी! आपल्याकडच्या कोरड्या हवेत, मिश्र सिमेंट असेल तर, चौदा दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे. आळी करून पाणी साठवावे. टेकू काढण्याची घाई सेंट्रिंगवाल्याला असते, कारण त्याच्या फळ्या अडकलेल्या असतात. साध्या सिमेंटच्या लहान स्लॅबलाही किमान सात दिवस, आणि तुळईखाली चौदा. इंजिनिअरने हो म्हटल्याशिवाय एकही टेकू हलू देऊ नये.

शेवटची गोष्ट पैशांत मोजता येत नाही. परातीवरची खडी डोक्यावर घेऊन बाई कच्च्या जिन्याने वर चढते, तेव्हा त्या जिन्याला कठडा आहे की नाही हे पाहणारा कोणी असावा लागतो. गच्चीच्या कडेला आडव्या बांबूंचा आधार, पायाखाली बांधलेल्या फळ्या, डोक्याला टोपी आणि विजेच्या तारेपासून अंतर, एवढे तरी पाहाच. ठेकेदाराचे पैसे वाचवले, तर त्याची ही जबाबदारीही आपण घेतली आहे. रोज सकाळी तासभर आणि काँक्रीटच्या दिवशी पूर्ण दिवस उभे राहणे होणार असेल, तर खुशाल आपले ठेकेदार आपण व्हा. होणार नसेल, तर चांगला ठेकेदार शोधा. त्याचे पैसे वाया जात नाहीत.