श्रमप्रतिष्ठेची परिभाषा : शेरड ब्राउन यांच्या निवडणुका

राजकीय वक्तृत्वाचा वाङ्मयीन विचार बहुधा राष्ट्रनेत्यांच्या गाजलेल्या भाषणांपुरता मर्यादित राहतो. निवडणुकीतील नित्याची भाषा उपेक्षितच राहते. वस्तुतः एखादा शब्दप्रयोग मतदाराला पक्षनिष्ठेपलीकडे नेऊ शकतो काय, याची कसोटी तेथेच लागते. अमेरिकेतील ओहायो राज्यातून तीन वेळा सिनेटवर निवडून आलेले डेमोक्रॅटिक पक्षाचे शेरड ब्राउन यांची कारकीर्द या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९६४ ते २०१६ या काळातील प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोने विजयी उमेदवारालाच कौल दिला. या राज्यातील मॅन्सफील्ड येथे १९५२ मध्ये जन्मलेल्या ब्राउन यांनी येल विद्यापीठात रशियाविषयक अध्ययन केले आणि १९७४ मध्येच राज्य विधिमंडळात प्रवेश मिळविला. १९९२ मध्ये ते प्रतिनिधिगृहात निवडून आले. पुढील वर्षी स्वपक्षीय अध्यक्ष क्लिंटन यांचा पाठिंबा असतानाही त्यांनी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराला विरोध केला. कारखाने बंद पडल्यास उद्ध्वस्त होणारी गावे हा तेव्हापासून त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा राहिला.

या प्रतिपादनाला त्यांनी एक दृश्य प्रतीकही दिले. कोटावर ते पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याचे बोधचिन्ह लावत. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणकामगार हा पक्षी खाणीत नेत. त्यांच्या रक्षणासाठी दुसरी व्यवस्था नव्हती, हा त्यातील आशय. ‘डेस्क ८८’ (२०१९) या ग्रंथात त्यांनी सिनेटमधील आपल्याच मेजावर पूर्वी बसलेल्या आठ सदस्यांची चरित्रे रेखाटली. स्वतःच्या भूमिकेला परंपरा मिळवून देण्याचा हा प्रयत्न होय.

त्यांचा ‘कामाची प्रतिष्ठा’ हा घोष मराठीत ‘श्रमप्रतिष्ठा’ या शब्दाने सांगता येईल. पण अर्थच्छटा भिन्न आहेत. गांधीप्रणीत नई तालीम किंवा भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना यांच्या संदर्भात या शब्दाचा भर शिक्षिताच्या शारीरिक श्रमाकडे पाहण्याच्या वृत्तीवर आहे. ब्राउन यांचा भर मोबदल्यावर आहे : वेतन, जादा कामाचा दाम, निवृत्तिवेतन. एक परिभाषा श्रम न करणाऱ्याला उद्देशून आहे, दुसरी श्रम करणाऱ्याच्या वतीने बोलते.

२००६ मध्ये त्यांनी माइक डिवाइन यांचा पराभव केला. २०१२ मध्ये जॉश मँडेल यांना हरविले. २०१८ मध्ये तेच डिवाइन रिपब्लिकन पक्षातर्फे राज्यपालपदी निवडून आले, तरी त्याच मतदारांनी ब्राउन यांना सुमारे सात टक्क्यांच्या आघाडीने पुन्हा सिनेटवर पाठविले. २०२४ मध्ये मात्र बर्नी मोरेनो यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. ओहायोत त्या वर्षी कमला हॅरिस सुमारे अकरा टक्क्यांनी मागे पडल्या. ब्राउन चार टक्क्यांहून कमी फरकाने हरले.

या तफावतीचे सारे श्रेय भाषेला देणे अतिव्याप्त ठरेल. दीर्घ परिचय आणि विधिमंडळीय कार्य यांचाही त्यात वाटा असणारच. तथापि हजारो मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर दोन पक्षांची निवड केली, ही गोष्ट लक्षणीय आहे. बदलत्या राज्यात ही परिभाषा पक्षाची मर्यादा ओलांडू शकली. पक्षाविषयीचा अविश्वास पूर्णतः पुसू शकली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राउन यांनी २०२६ च्या पोटनिवडणुकीसाठी आपली उमेदवारी जाहीर केली, तेव्हा त्यांनी त्याच परिभाषेचा पुन्हा आश्रय घेतला.