कापसाचं कातडं, बाल्साची हाडं

इतिहासाच्या पुस्तकात रोहिणखेड भेटतं ते लढाईमुळे. १४३७ मध्ये बहामनी फौजेने खानदेशच्या फारुकी सुलतानाला इथे हरवलं. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं हे गाव आज कपाशीच्या पट्ट्यात आहे. जिल्ह्यातल्याच खामगावच्या बाजाराला कापसाने इतकं महत्त्व आणलं की, १८७० मध्ये जलंबहून तिथवर रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. आता या कापसाचा विमानाशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर उत्तर सरकीवर चिकटलेलं आहे.

जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीवर आखूड लव उरते. कारखान्यात तिला लिंटर म्हणतात. ही लव नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात घातली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं आणि ते विद्रावकात विरघळवलं की डोप. विमानाच्या कापडावर ब्रशने चढवायचं, वाळताना आकसणारं हे वार्निश. म्हणजे जुन्या विमानाचं कापडही कित्येकदा सुती आणि त्याला ताठ करणारं रसायनही कापसाचंच. रेडिओवर उडणारी लाकडी मॉडेल विमानं बांधणाऱ्यांनी हे तंत्र मोठ्या विमानांकडून जसंच्या तसं उचललं.

मोठ्या विमानांचा हा वारसा थेट राइट बंधूंपर्यंत जातो. १९०३ च्या त्यांच्या विमानावर दुकानात मिळणारी साधी मलमल होती, तीही डोप न लावलेली. पण त्यांनी ती उरेब लावली होती, पंखाच्या कण्याशी तिरकी. शिंप्याला उरेब कापड लवचिक म्हणून हवं असतं. राइटांचा हेतू उलटा होता. धागे तिरके बसल्यामुळे चौकट वाकडी व्हायला लागली की ते ताणले जात आणि तिला धरून ठेवत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, ते पस मॉथ विमानही कापडानेच मढवलेलं होतं. १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं, भारतातच आखलेलं रोहिणी ग्लायडर म्हणजे लाकूड, प्लायवुड आणि कापड.

राइटांनी जे ओळखलं होतं, ते नवख्याला पहिलं मॉडेल मढवताना उमगतं. बाल्साच्या लाकडाचा उघडा पंख दोन्ही टोकांना धरून पिळला तर सहज पिळतो. बारीक कणे आणि कागदाएवढ्या पातळ बरगड्या सरळ भार सोसतात, पीळ सोसत नाहीत. बाजेची नवार उतरवली की चौकट जशी खिळखिळते, तसंच हे. तोच पंख मढवून ताणला की पिळायला जोर लागतो. त्यामुळे मढवणं ही शेवटची सजावट समजून उरकणाऱ्याचं विमान वेगात पंख फडफडवायला लागतं, आणि मग सजावट पाहायला फारसं काही शिल्लक राहत नाही.

बाल्सा हे मुख्यतः इक्वाडोरमधून येणारं लाकूड. घनमीटरला साधारण १६० किलो, म्हणजे सागवानाच्या चौथाईच्या आसपास. इतकं हलकं लाकूड वापरूनही तो पंख आख्खा लाकडी पत्र्याने का झाकत नाहीत? हिशोब सोपा आहे. दीड मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद पंखाच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण चौरस मीटर भरतात. दीड मिलिमीटर बाल्साने त्या झाकल्या तर १८० ग्रॅम. चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या प्लॅस्टिक फिल्मने झाकल्या तर ४५ ग्रॅम. टिश्यू कागद आणखी हलका, पण त्यावर डोपचे थर चढतात आणि प्रत्येक थर वजन वाढवतो.

शेपटीला हे वजन दुप्पट-तिप्पट महागात पडतं. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या भागात सांभाळायचा असतो. तिथून शेपूट लांब, नाक जवळ. शेपटीवर १० ग्रॅम रंग जास्त गेला की नाकात २०-३० ग्रॅम शिसं भरायची वेळ येते. रंगाच्या हौसेपायी शिसं उडवत फिरणारी विमानं प्रत्येक मैदानावर असतात. दुरून ती देखणी दिसतात, उतरताना मात्र दगडासारखी येतात.

खरी मेहनत मढवण्याच्या आधीची. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून २२०, ३२० असं चढत जायचं, तोही लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की बरगड्यांमध्ये खळगे पडतात. नख लागून बाल्सा दबला असेल तर लगेच लांबी भरू नये. पाण्याचा थेंब टाकून वरून गरम इस्त्रीचं टोक फिरवलं की दबलेला तंतू फुगून वर येतो. उरलेल्या फटीत हलकी लांबी. मग सगळी धूळ पुसायची, कारण फिल्मचा गोंद लाकडाला चिकटायचा सोडून धुळीला चिकटतो.

फिल्म म्हणजे एका बाजूला उष्णतेने वितळणारा गोंद असलेलं रंगीत प्लॅस्टिक. जर्मनीचं ओराकव्हर, अमेरिकेचं मोनोकोट ही या जगातली घराण्याची नावं. जातीनुसार आकडा बदलतो, पण ढोबळमानाने १०० अंश सेल्सियसला गोंद पकडतो आणि १५० च्या आसपास फिल्म आकसते. बाजारात यासाठी छोटी इस्त्री मिळते. अनेकांचं काम घरच्या इस्त्रीवरही भागतं. इस्त्रीच्या तळाला सुती मोजा चढवला की चरे पडत नाहीत.

आधी खालची बाजू, मग वरची. म्हणजे वरच्या फिल्मची कड खाली वळते आणि सांधा नजरेआड जातो. कडा पाच-सहा मिलिमीटर एकमेकींवर यायला हव्यात. जास्तीची फिल्म पंखावरच ठेवून ब्लेडने कापण्याचा मोह आवरावा लागतो, कारण ब्लेडची धार खाली बाल्सात उतरते आणि पंख पुढे नेमका त्याच रेघेवर मोडतो. सगळ्या कडा चिकटल्यावरच मधल्या रिकाम्या जागेतली फिल्म आकसवायची. बंद कप्प्यातली हवा तापून फुगते, तिला वाट हवी म्हणून बरगड्यांना आधीच टाचणीएवढी भोकं पाडून ठेवतात. वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त आकसली तर पंख मुरडतो. बऱ्याच विमानांना टोकाशी किंचित मुरड मुद्दाम हवी असते, म्हणजे वेग कमी झाला तरी टोकं आधी खचत नाहीत. अशा वेळी पंख हवा तसा पिळून धरायचा, गरम करायचा, थंड होईपर्यंत सोडायचा नाही. दोन्ही पंखांची मुरड सारखी येणं हीच कारागिराची परीक्षा.

डोप वापरणाऱ्यांची कसोटी हवामान घेतं. डोपचा विद्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, पावसाळ्यात हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि चकचकीत थर पांढुरका होतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात जुलैपेक्षा डिसेंबरचं काम हमखास चांगलं. उन्हाळ्यात त्रास फिल्मवाल्यांना. चाळिशी ओलांडलेल्या दुपारी गडद रंगाचं विमान उघड्यावर राहिलं की फिल्म सैल पडते, सांधे सरकतात. फायबरची मोठी ग्लायडरं पांढरी असतात ती याच धास्तीने. तिथे काळजी रेझिनची असते.

एक डोकेदुखी मात्र आता बरीच सरली आहे. छोट्या ग्लो इंजिनांचं इंधन मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेलासारख्या तेलाचं असतं. नायट्रेट डोप मिथेनॉलने सुटायचा, म्हणून वर ब्युटिरेट डोपचा किंवा पॉलियुरेथेनचा थर द्यावा लागे. ब्रशलेस इलेक्ट्रिक मोटर आल्या आणि तेवढं वजन वाचलं.

महाराष्ट्रात ही कला ज्या वाटांनी मुलांपर्यंत गेली, त्यांत मोठी वाट एनसीसीची. १९४८ मध्ये एनसीसी उभी राहिली, १९५० मध्ये तिची हवाई शाखा. वायुसैनिक शिबिरात एरोमॉडेलिंगच्या स्पर्धा होतात. कंट्रोल लाइन, रेडिओ कंट्रोल असे प्रकार असतात. अभियांत्रिकीची मुलं थर्माकोल किंवा फोम आणि पॅकिंगची चिकटपट्टी यांवर भागवतात. त्यात कमीपणा नाही. स्पर्धेच्या आदल्या रात्री बाल्सा घासत बसायला वेळ कोणाला असतो? पण चिकटपट्टी आकसत नाही, तिथे ताठपणा फोमच्या जाडीतूनच आणावा लागतो.

रंगसंगतीची गोष्ट आवडीवर सोडण्यासारखी नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार मॉडेल विमान २५ किलोच्या आत आणि चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हवं. तीनशे मीटरवर गेलेलं विमान आभाळापुढे काळी आकृती होतं. ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय, पोट दिसतंय की पाठ, हे कळेनासं होतं. म्हणून वर एक फिका रंग, खाली गडद रुंद पट्टे, दोन्ही पंखटोकांना वेगळी खूण. बारीक नक्षी जमिनीवरच्या फोटोसाठी.

मैदानावर निघताना पेटीत फिल्मचे चार तुकडे ठेवतात. बाभळीच्या काट्याने पंखाला भोक पडलं तर फाटकी कड गोल कापायची, तुटलेली बरगडी सायनोअॅक्रिलेटने जोडायची आणि वरून गोल ठिगळ. चौकोनी नाही, कारण कोपरे वाऱ्याने उचलले जातात. वीज नसली तर इस्त्रीचा प्रश्न येतो. मग तात्पुरती पारदर्शक चिकटपट्टी लावून त्या दिवसाची उड्डाणं उरकतात आणि घरी गेल्यावर ती सोलून नीट ठिगळ बसवतात.