माझी जपानी केरसुणी

“आई, मला नोकरी लागली!” असे मी फोनवर सांगितले तेव्हा दादरच्या घरी आनंदीआनंद झाला. “कुठे गं?” याचे उत्तर मी ऐटीत दिले, “टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये!” पण “काम कसले?” हा प्रश्न आला आणि नेमके तेव्हाच आमच्या दूधावर लक्ष ठेवण्याची मला आठवण झाली.

आमचे बिऱ्हाड टोकियोच्या निशि-कासाई भागात. इथे भारतीय कुटुंबे इतकी की, संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास दरवळतो. यजमान संगणकाच्या कचेरीत. त्यांच्या व्हिसावर आलेल्या बायकोला परवाना काढून आठवड्याला २८ तास काम करता येते. दिवसभर भिंतींशी किती बोलणार? मी अर्ज केला, निवडही झाली. पण ती झाडलोट खात्यात!

सकाळी बसने कासाई-रिंकाई-कोएन स्टेशन गाठायचे. तिथून केइयो मार्गावरचे पुढचेच स्टेशन माइहामा. दादरची गर्दी पाहिलेल्या मला ही गर्दी काय भिववणार? फरक एवढाच की, इथली गर्दीसुद्धा रांगेत उभी राहते आणि डब्यातल्या आजीबाईंच्या डोक्यावर मिकी उंदराचे कान असतात. आपली लोकल पावसापुढे हात टेकते. समुद्राकाठची ही गाडी सोसाट्याच्या वाऱ्यापुढे.

नाव टोकियोचे असले तरी ही नगरी आहे शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासुला, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर. १५ एप्रिल १९८३ रोजी ती उघडली. अमेरिकेबाहेरचे हे पहिले डिस्नेलँड.

माझ्या हाती आला लांब दांड्याचा हलका झाडू आणि तशीच उभी सुपली. वाकायला नको. केर बहुतेक पॉपकॉर्नचा. त्यात करीच्या चवीचेसुद्धा! जपानी दुकानदारांचे ठरीव स्वागत इथे नाही. सरळ “कोन्निचिवा” म्हणायचे, म्हणजे पाहुण्यालाही उलट नमस्कार करता येतो. मूल हरवले तर कर्ण्यावरून पुकारा होत नाही. आपणच त्याच्याशी बोलत त्याला सांभाळायचे. वाट विचारायला लोक येतात तेही झाडणाऱ्याकडेच.

एका रविवारी निशि-कासाईतल्या ओळखीच्या बाई समोर आल्या. “अगंबाई, तुम्ही इथे झाडता?” त्या हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत. पण माझी मान खाली गेली ती वर येईना.

आमच्या तुकडीतल्या वडीलधाऱ्या बाईंनी ते पाहिले. विचारले काहीच नाही. सुटीच्या वेळी त्या ११ मार्च २०११ च्या भूकंपाविषयी बोलू लागल्या. त्या दुपारी इथे सुमारे ७० हजार पाहुणे होते. नोकरवर्गाने दुकानांतली मऊ खेळणी डोके झाकायला वाटली. हजारो लोकांनी रात्र इथेच काढली. “त्या रात्री कोण झाडणारा आणि कोण साहेब, हे कुणी विचारले नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. मग झाडू पाण्यात बुडवून त्यांनी फरशीवर मिकीचे तोंड काढले. पोरे धावत आली. पुढचे चित्र मी काढले. रांगोळीचा हात कामी आला! उन्हाने ते पाच मिनिटांत वाळले, पण माझी मान वर आली.

त्या रात्री आईला सारे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माझ्या घरात कधी झाडू धरला नाहीस, मेली!”

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो. पण ती वर्षभर ज्यांच्या हातात असते, त्यांना दाराबाहेरच उभे करतो. दादरला आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशींचे नाव मी कधी विचारले नव्हते. ते परवा आईला विचारले. तिलाही ठाऊक नव्हते. “उद्या विचारते,” म्हणाली.

यंदा इथल्या बाजारातून एक छोटासा जपानी झाडू आणला आणि त्याची पूजा केली. दुसऱ्या दिवशी रजा नव्हती. नेहमीच्या बसने कामावर गेले.